फड्या निवडुंग आणि बांधावरचा पांढरा कापूस



गेल्या मंगळवारी सकाळी खालच्या रानात बांधावरची बिनकाट्याची निवडुंगं बघत फिरत होतो. तिसऱ्या ओळीत एका झाडाच्या बुडाशी फडीवर पांढरं काहीतरी दिसलं. आधी वाटलं, रुईचा कापूस वाऱ्यानं येऊन चिकटला असेल. बोटानं काढायला गेलो तर बोट लालभडक झालं. कुंकवात बुडवल्यासारखं. काटा बिटा लागून रक्त आलं की काय म्हणून पुसून बघितलं, तर जखम कुठंच नाही.

ती फडी तशीच तोडून पोत्यात घालून घरी आणली. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. वय चौऱ्याऐंशी, नजर अजून शाबूत. फडी बघितली आणि म्हणाली, "आरं, ह्यो तर निवडुंगाचा कापूस. मामंजी सांगायचं न्हवं का, कापूस आला आन् समदं निवडुंग गेलं."

मामंजी म्हणजे माझे आजोबा. त्यांची ही गोष्ट मी लहानपणी शंभर वेळा ऐकलेली. पण ऐकणं वेगळं आणि आपल्याच बोटाला तो लाल रंग लागणं वेगळं. चार दिवस डोक्यात तेच चाललंय. म्हणून आजची नोंद जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आमचा भाग माणदेशातला. पाऊस पडला तर पडला. आजोबांच्या लहानपणी, म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी, गावाभोवती फड्या निवडुंगाचा पट्टा होता. पुरुषभर उंच, आणि इतका दाट की कुत्रंसुद्धा आत शिरायचं नाही. गावाला वेगळी वेस बांधायची गरज नव्हती असं ते म्हणायचे. उन्हाळ्यात त्याला बोंडं लागायची. पोरं चिमट्यासारख्या काटकीनं बोंडं तोडायची, मातीत घोळून वरची कुसळं घालवायची आणि खायची. तोंड, हात, सदरा सगळं जांभळं-लाल. आणि जिभेला एखादं बारीक कुसळ लागलं की दोन दिवस जेवण बंद. साप, विंचू, मुंगूस, ससे, सगळ्यांचं घर तिथंच. बायका त्या बाजूला अंधारात जायच्या नाहीत.

आजोबा चौदा-पंधरा वर्षांचे असताना त्या निवडुंगावर पांढरा कापूस दिसायला लागला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे कुणीतरी सरकारी माणसानं कीड लागलेल्या फड्या आणून टाकल्या होत्या. दोन-तीन वर्षांत सगळा पट्टा पिवळा पडला, मऊ झाला, कुजून खाली बसला. वास सुटला होता म्हणे. नंतर उरलेल्या वाळक्या जाळीला लोकांनी काडी लावली. गावाभोवती एकदम मोकळं झालं. आजोबा म्हणायचे, त्या वर्षी पहिल्यांदा घरातून थेट डोंगर दिसला.

आता ही कीड आली कुठून, आणि हे निवडुंग तरी कुठून आलं, हे शोधत गेलो की फार लांब जावं लागतं. पण त्याआधी हे झाड आपल्या मुरमाड रानात जगतं कसं ते सांगतो, कारण सगळ्या भानगडीचं मूळ तिथंच आहे. पाणी नसताना जगतं म्हणून तर माणसानं ते जगभर नेलं, आणि पाणी नसताना जगतं म्हणूनच ते माणसाच्या हाताबाहेर गेलं.

ज्वारी, बाजरी, बाभूळ, लिंब, ही सगळी झाडं दिवसा श्वास घेतात म्हणा. पानावरची बारीक भोकं, म्हणजे रंध्रं, दिवसा उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि उन्हाच्या जोरावर त्याचं अन्न करतात. पण भोकं उघडली की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. एप्रिलच्या उन्हात दार उघडं टाकून माठ ठेवल्यासारखंच. निवडुंगानं ह्यावर तोड काढली. हे झाड रात्री दार उघडतं. गारव्यात हवा आत घेतं, तिचं आम्ल बनवून पेशीतल्या पिशव्यांत साठवून ठेवतं. सूर्य वर आला की दार बंद. मग दिवसभर आतल्या आत ते आम्ल फोडून त्यातला कार्बन डायऑक्साइड काढायचा आणि उन्हावर शिजवायचा. बाहेर ४२ डिग्री असू दे, दार बंदच.

गंमत अशी की ह्या गोष्टीची पहिली नीट नोंद आपल्या देशात झाली, आणि तीही प्रयोगशाळेत नाही, तर जिभेवर. बेंजामिन हाइन नावाचा जर्मन वनस्पतीतज्ज्ञ मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या नोकरीत होता. त्यानं पानफुटीचं पान सकाळी चघळलं तर ते आंबट लागलं. दुपारी चघळलं तर बेचव. संध्याकाळी जरा कडवट. त्यानं हे पत्रातून इंग्लंडला कळवलं आणि १८१५ साली ते लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथात छापून आलं. म्हणजे रात्रभर साठलेलं आम्ल सकाळी जिभेला लागत होतं आणि दिवसभरात ते खर्ची पडत होतं. ह्याचा पूर्ण उलगडा व्हायला पुढं जवळपास दीडशे वर्षं गेली. पानफुटीच्या कुळाचं नाव क्रॅसुलेसी, त्यावरून ह्या पद्धतीला कॅम म्हणतात. कृषी पदवीवाल्या पोरांनी हे परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. पण पान चघळून बघितलंय असा एकही मला अजून भेटलेला नाही!

मी बघितलंय. आमच्या तुळशी वृंदावनाशेजारी पानफुटी आहे. पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी पाचला एकेक छोटा तुकडा. पहाटेचा खरोखर चुक्याच्या भाजीसारखा आंबट. संध्याकाळचा नुसताच तुरट, गवतासारखा. करून बघा, पण चवीपुरताच तुकडा, आणि चघळून थुंकून टाका. जनावरांना तर ती अजिबात घालू नका, तिला फुलोरा असताना तर मुळीच नको, जनावर दगावतं. आणि मेहरबानी करून हा प्रयोग शेराच्या कांडीवर किंवा त्रिधारी निवडुंगावर करू नका. त्यांचा चीक तोंडाला, डोळ्याला लागला तर दवाखाना गाठावा लागेल.

इथं एक घोळ निस्तरतो. आपण निवडुंग हा एकच शब्द दोन वेगळ्या घराण्यांना वापरतो. त्रिधारी निवडुंग, कुंपणाचा शेर, ही चिकाची मंडळी. एरंडाच्या कुळातली. त्रिधारी तर आपल्याच मातीतला. फड्या निवडुंग मात्र अमेरिकेतला, खरा कॅक्टस. कोलंबस तिकडं जाईपर्यंत आपल्या कुठल्याही पूर्वजानं तो बघितलेला असणं शक्य नाही. तोडल्यावर पांढरा चीक आला तर आपला, बुळबुळीत पाणी आलं तर अमेरिकेचा. दोघांचा एकमेकांशी काही नातासंबंध नाही, पण दोघांनाही कोरड्यातच संसार करायचा होता. म्हणून दोघांनी पानं टाकली, खोडं हिरवी आणि मांसल केली, अंगावर काटे आणले. सारख्या दुष्काळानं दोन परक्या घरांना सारखं वळण लावलं. कोरफड तिसरीच, घायपात चौथंच. माळावर मेंढरं राखणारी पोरं मोडून खातात ती माकडशिंगी अजून वेगळी. आणि आपल्या भांगलणीतली घोळ! तिला पाणी असताना मका-ज्वारीसारखं चालता येतं आणि ताण पडला की निवडुंगासारखं. म्हणून तर उपटून बांधावर टाकलेली घोळ आठ दिवसांनी फुलावर आलेली दिसते.

फड्या निवडुंगाकडं परत येऊ. ज्याला आपण पान म्हणतो ते पान नाही, चपटं झालेलं खोड आहे. खरी पानं कोवळेपणी मिरीएवढी येतात आणि गळून जातात. फडीत शंभर भागांत पंच्याऐंशी-नव्वद भाग पाणी असतं, आणि आतला बुळबुळीत गर ते पाणी धरून ठेवतो. वरून मेणाचा थर. मुळं खोल जात नाहीत, बहुतेक वीतभर मातीतच पसरतात. कारण त्याला भूजल नको असतं, त्याला पाचसहा मिलिमीटरची सर हवी असते, जी आपल्या ज्वारीच्या मुळापर्यंत पोचतसुद्धा नाही. माती ओली झाली की काही तासांतच जुन्या मुळांवर पांढऱ्या धाग्यासारख्या नव्या मुळ्या फुटतात, मिळेल ते पाणी ओढतात, आणि माती वाळली की गळून जातात. जाड मुळं उन्हाळ्यात आक्रसतात, त्यामुळं मूळ आणि माती यांच्यात केसभर फट पडते. कोरडी माती झाडातलं पाणी उलटं ओढून घेऊ शकत नाही. मी उन्हाळ्यात एक झाड हळूच उकरून बघितलं होतं. मूळ दोऱ्यासारखं, आणि त्याच्याभोवती बोगदा.

ताण फारच वाढला तर हे झाड रात्रीही दार उघडत नाही. आपल्याच श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा पुन्हा वापरत नुसतं तग धरून बसतं. वाढ शून्य, पण जीव शाबूत. पाऊस पडला की पुन्हा सुरू.

हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर एक किलो सुका चारा तयार करायला ज्वारी-मका साधारण अडीचशे-तीनशे लिटर पाणी उडवतात, गव्हासारखी पिकं त्याहून बरंच जास्त, आणि निवडुंग शंभर लिटरच्या आत भागवतं. ह्यात एक मेख आहे. रात्र गार हवी. आपल्याकडं एप्रिल-मेच्या रात्री तापतात तेव्हा हे झाडही फारसं काही करत नाही. त्याची खरी वाढ पावसाळ्यात आणि दिवाळीनंतरच्या थंडीत दिसते. जे विक्रेते तुम्हाला 'उन्हाळ्यात हिरवागार चारा वाढवा' सांगतात त्यांना हे विचारा. उन्हाळ्यात तो वाढत नाही, साठवलेला असतो.

असो. हे झाड आपल्याकडं पोर्तुगीजांच्या वेळेपासून कुठं कुठं आलं असणार. पण त्याच्यामागं सरकारी डोकं लागलं ते रंगापायी. मेक्सिकोत निवडुंगावर एक कीड वाढवायचे. ती वाळवून तिच्यापासून किरमिजी रंग काढायचा. स्पेनच्या लोकांनी हा धंदा तीनशे वर्षं मुठीत ठेवला. त्यांच्या अमेरिकेतून चांदीच्या खालोखाल किमतीचा माल हाच होता. इंग्रजांना तो रंग हवा होता. त्यांच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांचे लाल डगले ह्याच रंगात बुडवलेले. साध्या शिपायाच्या डगल्याला मंजिष्ठाच्या मुळाचा स्वस्त रंग, साहेबाला किड्याचा. रंगातसुद्धा पायरी.

मग १७८० च्या दशकाच्या शेवटी मद्रासला जेम्स अँडरसन नावाच्या डॉक्टरानं कंपनीच्या मागं लागून निवडुंगाची बाग उभी केली. देशोदेशींची निवडुंगं आणून लावली. खायला घातलेलं ताट तयार, पण जेवणारा किडा काही मिळेना, कारण स्पेन तो बाहेर जाऊ देत नव्हतं. शेवटी १७९५ साली नीलसन नावाचा कप्तान ब्राझीलमधल्या रिओहून काही किडे कलकत्त्याला घेऊन आला. वाटेत बरेच मेले. उरलेल्यांना तिथल्या निवडुंगावर सोडलं तर ते भराभर वाढले. कंपनीत आनंदीआनंद.

पण तो किडा निघाला जंगली जातीचा, त्याच किड्याचा दरिद्री चुलतभाऊ. रंग कमी, मेण जास्त. धंदा बसला. मात्र ह्या किड्यानं एक काम असं केलं जे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. ज्या निवडुंगावर तो वाढला, त्या एका जातीचा त्यानं मुलखाच्या मुलूख साफ करून टाकला. हे बघून पुढं १८३० च्या दशकात तो दक्षिण हिंदुस्थानात आणि १८६० च्या दशकात लंकेत मुद्दाम नेऊन सोडला, निवडुंग मारायला म्हणून. आज आपण ट्रायकोकार्ड बांधतो, मित्रकिडी सोडतो, जैविक नियंत्रण म्हणतो. जगातल्या त्या विद्येच्या पुस्तकात पहिल्या पानावर ही आपल्याकडची चुकून झालेली गोष्ट असते. रंगाच्या लोभात जन्मलेली.

आता शेतकऱ्याला जे लगेच कळेल ते तेव्हाच्या साहेबांना उशिरा कळलं. एक तण मारलं की जागा मोकळी राहत नाही, दुसरं येतं. तो किडा निवडुंगाच्या एकाच जातीवर जगायचा. पिवळ्या फुलाची, जाड काट्याची दुसरी अमेरिकन जात त्याला पचत नव्हती. ती दख्खनभर पसरली. फडीचा तुकडा पडला की मूळ धरतो, बोंडं पाखरं खातात आणि बी लांब नेऊन टाकतात, पाऊस लागत नाही, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. लोकांनी कुंपणाला लावलं आणि ते कुंपण सोडून रानात शिरलं. आजोबांच्या गावाभोवतीचा पट्टा त्यातलाच.

पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे, तुकोबांची पालखी तिथं मुक्कामाला असते. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली म्हणून ते नाव, असं सांगतात. वारीला जाताना दरवर्षी ते नाव घेतो, पण पुण्यासारख्या शहराच्या अंगाला एकेकाळी निवडुंगाचं रान होतं हे मला फार उशिरा उमगलं.

१९२६ साली लंकेतून दुसऱ्या जातीचा किडा आणला गेला. हा अमेरिकेतला, आणि ह्याला आपल्या दख्खनी निवडुंगाची बरोबर चटक. मद्रास इलाख्यात सोडल्यापासून पाच-सहा वर्षांत दक्षिणेत हजारो एकर निवडुंग झोपलं. आजोबांचं वय आणि त्यांची गोष्ट ह्या सालांशी जुळवून बघा, बरोबर बसते. पोरगं खोटं सांगत नव्हतं.

त्याच १९२६ साली ऑस्ट्रेलियात असंच पण फार मोठं नाटक झालं. तिथंही निवडुंग पहिल्यांदा गेलं ते १७८८ साली, पहिल्या गोऱ्या वसाहतीच्या जहाजातून, आणि तेही ह्याच रंगाच्या आशेनं. पुढं शंभर-सव्वाशे वर्षांत सहा कोटी एकर जमीन निवडुंगाखाली गेली. शेतकरी घरं सोडून निघून गेले. शेवटी अर्जेंटिनातून एका पतंगाची अंडी आणली, त्याच्या अळ्यांनी फड्या आतून पोखरल्या, आणि सातआठ वर्षांत रान मोकळं. क्वीन्सलँडमधल्या शेतकऱ्यांनी कृतज्ञता म्हणून गावातल्या सभागृहाला त्या पतंगाचं नाव दिलं. किड्याच्या नावाचं सभागृह! आपल्याकडं बोंडअळीच्या नावानं कुणी बांधणार नाही, पण त्यांचं दुःख किती असेल ते ह्यावरून समजा.

आमच्या गावात मात्र असा उत्सव झाला नाही. आजोबा ह्या बाबतीत दोन्ही बाजूंनी बोलायचे. साप कमी झाले, रान वहिवाटीला आलं, हे कबूल. पण त्यांचं एक वाक्य कायम असायचं, की बहात्तरला निवडुंग पाहिजे होतं.

१९७२ चा दुष्काळ मी सहा वर्षांचा असताना बघितला. घरची खिलार जोडी होती. कडबा संपला, उसाचं वाढं संपलं, लिंबाचा पाला ओरबाडून झाला, घराच्या छपराचं जुनं गवत काढून भिजवून घातलं. एक बैल दावणीलाच बसला तो उठला नाही. दुसरा छावणीत दिला. आजोबांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं होतं की जुन्या दुष्काळात फड्या जाळावर धरून काटे भाजायचे, तुकडे करायचे आणि कडब्याच्या भुशात कालवून जनावरांसमोर टाकायचे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात सरकारी पातळीवरही हे करून बघितलेलं आहे. नुसत्या निवडुंगावर जनावर पोसत नाही, पण मरतही नाही, आणि पाण्याची निम्मी गरज तिथंच भागते. बहात्तरला आजोबा फड्या शोधत आठ मैल हिंडले. ओढ्याच्या कडेला दोन झुडपं मिळाली, त्यांनाही कापूस लागलेला.

कीड सोडणारे चुकले असं मी म्हणणार नाही. ज्याचं रान निवडुंगाखाली गेलं होतं त्याला विचारा. पण चाऱ्याचा शेवटचा आधार काढून घेताना त्याच्या जागी काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही, हेही खरं. त्या किडीच्या अहवालात एकर मोजले जातात. दावण मोजायची पद्धत नव्हती.

म्हणून पाच वर्षांपूर्वी बिनकाट्याच्या निवडुंगाचं ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा आजोबाच आठवले. ही जातही नवी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ल्यूथर बरबँक नावाचा मोठा रोपं-संकरवाला होऊन गेला. त्यानं १९०७ च्या सुमारास बिनकाट्याच्या निवडुंगाचा गाजावाजा केला, वाळवंटात दूध-मांस पिकेल म्हणाला. लोकांनी एकेका फडीला भारी पैसे मोजले. मग कळलं की काटे काढले म्हणजे झाडाचं कुंपण काढलं. ससे, गुरं, सगळ्यांनी ताव मारला. आणि अगदी कोरड्यात, देखभालीशिवाय, ते काटेवाल्यासारखं टिकेना. फुगा फुटला. पण जात राहिली. मेक्सिको, ब्राझील, उत्तर आफ्रिकेत लाखो जनावरं आज ह्या फड्यांवर दुष्काळ काढतात. आपल्याकडं फलटणच्या निंबकर संस्थेनं, जोधपूरच्या काझरीनं, उरुळीकांचनच्या बाएफनं ह्यावर काम केलेलं आहे.

मी चाळीस फड्या आणून सुरुवात केली. तोडलेली फडी सावलीत दोन-तीन आठवडे ठेवून जखम वाळू दिली, मग तिसरा भाग मातीत जाईल अशी उभी लावली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पाणी साचून अकरा कुजल्या. चूक माझी, बांधाच्या खालच्या अंगाला लावल्या होत्या. आता दोनशे तीस झाडं आहेत. गाईला पहिल्या दिवशी किलोभर, मग वाढवत पाच-सहा किलोपर्यंत, बारीक तुकडे करून कडब्याच्या कुट्टीत कालवून. नुसतं घातलं की शेण पातळ होतं. प्रथिनं फार कमी, त्यामुळं पेंड किंवा सुबाभळीचा पाला जोडीला पाहिजेच. गेल्या मे महिन्यात आमच्या तीन गाई आणि नऊ शेळ्यांना ह्याचा खरा उपयोग झाला. टँकरच्या हौदावर गाय आधी दोनदा जायची, ती एकदा जायला लागली.

आणि आता हा कापूस.

ही कीड १९२६ ला आणलेलीच, की त्यातलीच दुसरी, हे डोळ्यानं सांगता येत नाही. ओळखायला तज्ज्ञ लागतो, आणि नमुना मी कृषी विद्यापीठात पाठवतोय. पण ती १९२६ चीच असली तर बिनकाट्याचं निवडुंग तिचं आवडतं खाणं आहे. ब्राझीलच्या ईशान्येकडं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ह्याच किडीनं चाऱ्याच्या निवडुंगाची एक लाख हेक्टरहून जास्त लागवड बसवली. मोरोक्कोत २०१४ ला दिसली आणि काही वर्षांत गावंच्या गावं उघडी पडली. तिथं तर लोक बोंडं विकून घर चालवतात. एका देशाचा मित्रकिडा तो दुसऱ्याचा वैरी. किडा तोच आहे, त्यानं काही बदललेलं नाही. आपण निवडुंगाला तण म्हणतो की पीक, तेवढंच बदललंय.

ह्या किडीची मादी एकदा सोंड रुतवून बसली की जागची हलत नाही, अंगावर मेणाचा कापूस ओढून घेते, त्यामुळं औषध आत पोचत नाही. आतला लाल रंग म्हणजे तिचं मुंग्या-किड्यांविरुद्धचं विष. पिल्लं मात्र चालतात, आणि वाऱ्यावर, शेळीच्या केसावर, माणसाच्या सदऱ्यावर बसून पुढच्या बांधावर जातात. चाऱ्याचं पीक असल्यामुळं मी जहरी औषध मारणार नाही. आतापर्यंत सतरा झाडांवर दिसलंय. कीड असलेल्या फड्या कापून, पोत्यात बांधून, तीन फूट खड्ड्यात गाडल्या. उरलेल्या झाडांना पंपाच्या जोराच्या धारेनं साबणाचं पाणी मारलं, त्यानं कापूस सुटतो आणि पिल्लं वाहून जातात. बारा दिवसांनी पुन्हा. एक-दोन ठिपक्यांच्या लेडीबर्ड भुंग्याच्या अळ्या कापसात घुसून खाताना दिसल्या, त्यांची झाडं तेवढी धुतली नाहीत.

ब्राझीलवाल्यांनी शेवटी ह्या किडीला दाद न देणाऱ्या जाती शोधून पुन्हा लागवड केली. त्यातली एक बारीक फडीची जात आहे, आणि ती नेमकी त्या निवडुंगाची आहे ज्यावर मेक्सिकोत अस्सल रंगाचा किडा पाळायचे. दोनशे वर्षांपूर्वी मद्रासच्या बागेत जे ताट मांडून ठेवलं होतं तेच. आपल्याकडच्या कुठल्या संस्थेत ही जात चाऱ्यासाठी तपासलेली असेल आणि कुणाला माहिती असेल तर कृपा करून कळवा. फडीची किंमत, वाहतूक मी बघतो.

आणखी एक मागणं. तुमच्या गावात नव्वदी पार केलेलं कुणी असेल तर निवडुंगाच्या कापसाचं नाव काढून बघा. कुठल्या साली आला, कुणी आणला, किती दिवसांत गेलं, जे सांगतील ते लिहून पाठवा. आमच्याकडं आता आईच एक उरलीय, आणि तिलाही ऐकीवच माहिती आहे.

ज्यांना माझ्याकडून फड्या न्यायच्या होत्या त्यांनी तूर्त थांबा. फोन बरेच येतायत, म्हणून इथंच सांगतो. विद्यापीठाचं उत्तर येईपर्यंत आणि दोन धुण्या होईपर्यंत माझ्या बांधावरून एकही फडी बाहेर जाणार नाही. पैसे दिलेल्या चौघांचे पैसे आज परत पाठवलेत. रानात यायचं असेल तर जरूर या, पण गाडी वरच्या रस्त्याला लावा आणि शेळ्या सोबत आणू नका.